घरविक्री आणि रुमालाखालचा भाव

काही महिन्यांपूर्वी एक निवृत्त शिक्षिका प्रस्तुत लेखकाकडे आल्या. पुण्याच्या पश्चिम भागात, १९८० च्या दशकात उभ्या राहिलेल्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेत तिसऱ्या मजल्यावर त्यांचे दोन खोल्यांचे घर होते. इमारतीला लिफ्ट नाही, पती गेले, गुडघे साथ देईनात. घर विकून मुलीजवळ तळमजल्यावर लहानशी जागा घ्यावी आणि उरलेल्या रकमेच्या व्याजावर औषधपाणी चालवावे, असा त्यांचा बेत. ओळखीपाळखीने चार दलाल घर पाहून गेले. तिघांनी ६८ ते ७० लाखांच्या आसपास किंमत सांगितली. चौथा म्हणाला, "बाई, ८० लाखांच्या खाली बोलूच नका." काम अर्थातच चौथ्याकडे गेले.

पहिला महिना गिऱ्हाइकांची वर्दळ झाली, मग ती आटली. "बाजार पडला आहे", "जुन्या इमारतीला बँक कर्ज देत नाही", "लिफ्ट नाही म्हणून लोक पायरीवरूनच परततात" अशी कारणे दर आठवड्याला येऊ लागली. पाचव्या महिन्यात ६२ लाखांचे एक गिऱ्हाईक आले आणि "हेही जाईल" या धास्तीने बाईंनी होकार दिला. दोन टक्के दलाली, म्हणजे १,२४,००० रुपये, त्यांनी रोख मोजली. पावती मिळाली नाही. वर्षभराच्या आत संस्थेने पुनर्विकासाचा ठराव केला आणि त्या घराची किंमत कितीतरी वाढली. घर घेणारा गृहस्थ त्या दलालाचा मेहुणा होता, हे बाईंना कळले ते त्यानंतर. त्यांनी विचारलेला प्रश्न एवढाच होता : "सर, ज्याने सर्वांत जास्त भाव सांगितला त्याच्याकडे मी काम दिले. यात माझे काय चुकले?"

हा प्रश्न एका बाईंचा नाही. नोकरदार, कारागीर, निवृत्त कामगार यांच्या हाती आयुष्यभराच्या श्रमांतून उरलेली एकमेव मोठी वस्तू म्हणजे राहते घर. ते एकदाच विकले जाते आणि बहुधा अडचणीच्या वेळी : आजारपण, वार्धक्य, मुलांची वाटणी, कर्ज. विकणारा त्या बाजारात प्रथमच उतरलेला असतो. दलाल मात्र रोज तेथेच उभा असतो. या विषमतेचा विचार आपल्या चळवळीने आजवर फारसा केलेला नाही. घराचा दलाल निवडणे ही ज्याच्या-त्याच्या चातुर्याची खासगी बाब आहे, असेच आपण मानत आलो.

बाजाराचे जुने रूप

आपल्या ग्रामीण वाचकांना एक जुनी पद्धत ठाऊक असेल. शेतमालाच्या बाजारात एके काळी भाव रुमालाखाली ठरत असे. अडत्या आणि व्यापारी कापडाखाली एकमेकांची बोटे दाबून सौदा करीत आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा राहून त्या कापडाकडे पाहत असे. अडत्या शेतकऱ्याचा प्रतिनिधी म्हणवून घेई. पण त्याचा रोजचा व्यवहार व्यापाऱ्याशी, उधारी-उसनवारी व्यापाऱ्याशी. शेतकरी हंगामाला एकदा येणार, व्यापारी उद्याही भेटणार. त्यामुळे बोटे कोणाच्या बाजूने दाबली जात हे सांगायला नको. नियंत्रित बाजारपेठांच्या कायद्यांनी ही पद्धत मोडून उघड लिलाव आणला. महाराष्ट्रात १९६३ चा कृषी उत्पन्न पणन कायदा त्यासाठीच झाला. पुढे २०१६ साली फळे व भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असाही निर्णय झाला. या नियमांपैकी कागदावर किती आणि बाजार आवारात किती, हा वाद आहेच. पण भाव उघड ठरला पाहिजे आणि मध्यस्थ कोणाचा हे स्पष्ट असले पाहिजे, ही दोन तत्त्वे तरी समाजाने मान्य केली.

शहरातील जुन्या घरांचा बाजार आजही रुमालाखाली चालतो. घेणाऱ्याने खरोखर किती देऊ केले हे विकणाऱ्याला दलालच सांगतो. विकणारा किती खाली यायला तयार आहे हे घेणाऱ्यालाही दलालच सांगतो. आपल्याकडे एक ते दोन टक्के दलाली बहुधा दोन्ही बाजूंकडून घेतली जाते. एकाच खटल्यात वादीचे आणि प्रतिवादीचे वकीलपत्र एकाच वकिलाने घेतले तर आपण संतापू. येथे मात्र ती बाजाराची रीत म्हणून चालते.

टक्केवारीचे गणित

दलाल दुष्ट असतात म्हणून असे घडते, असे आम्ही म्हणत नाही. व्यक्तीच्या चांगुलपणावर भिस्त ठेवणारे आणि व्यक्तीच्या दुष्टपणावर खापर फोडणारे विश्लेषण सारखेच उथळ असते. येथे व्यवस्थेचे गणितच असे आहे की प्रामाणिक माणसालाही ते चुकीच्या दिशेने ओढते.

वर सांगितलेलेच आकडे घेऊ. घर ६२ लाखांना गेले तर दोन टक्क्यांनी दलालाला १,२४,००० रुपये मिळतात. आणखी दोन-तीन महिने थांबून, वीस-पंचवीस गिऱ्हाइकांना जिने चढवून त्याने ते ६८ लाखांना विकले तर त्याला १,३६,००० रुपये मिळतील. म्हणजे तीन महिन्यांच्या वणवणीचे त्याला जास्तीचे मिळणार १२,००० रुपये, आणि घरमालकाला मिळणार ५,८८,००० रुपये. तेव्हा दलालाचे हित भाव चढवण्यात नसून सौदा लवकर उरकण्यात असते. मालकाला "बाजार पडला आहे" असे पटवणे हे त्याच्या दृष्टीने गिऱ्हाईक शोधण्यापेक्षा स्वस्त काम आहे.

अर्थशास्त्रज्ञांनी हे केवळ तर्काने मांडलेले नाही. स्टीव्हन लेविट आणि चॅड सायव्हरसन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी शिकागो परिसरातील सुमारे एक लाख घरांच्या विक्रीचा अभ्यास करून २००८ साली तो प्रसिद्ध केला. त्यांतील तीन हजारांहून अधिक घरे दलालांची स्वतःची होती. घरांचे गुणदोष हिशेबात धरून तुलना केली, तेव्हा असे दिसले की दलाल स्वतःचे घर विकताना सरासरी साडेनऊ दिवस अधिक थांबतात आणि सुमारे ३.७ टक्के अधिक किंमत मिळवतात. दुसऱ्याचे घर विकताना "आता घेऊन टाका" असा सल्ला देणारा माणूस आपल्या घराच्या वेळी तो सल्ला पाळत नाही, एवढाच याचा अर्थ. तेथे परवाने, नोंदी आणि उघड माहिती असतानाही हे घडते. आपल्याकडे यांपैकी काय आहे हे पुढे पाहू.

याच गणितातून ८० लाखांचे कोडेही सुटते. सर्वांत मोठा आकडा सांगणे हा काम मिळवण्याचा मार्ग असतो. तो भाव मिळवून देण्याचे वचन नसते. एकदा काम हाती आले की महिने जाऊ द्यायचे. मालकाचा धीर सुटतो, घर "जुने" होते, आणि मग खरा भाव सांगणाऱ्या तिघांच्याही खाली सौदा होतो. यात बाईंचे चुकले ते इतकेच की त्यांनी आकड्याची निवड केली, माणसाची नाही. प्रस्तुत लेखकाने तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवले. पण वडिलांचे घर विकताना त्यानेही नेमके हेच केले होते. म्हणून या बाबतीत कोणी कोणाला हसू नये.

कायद्याला हे ठाऊक होते

आश्चर्य वाटेल, पण मेहुण्याच्या नावाने घर घेण्याची ही युक्ती आपल्या कायद्याला दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमात प्रतिनिधी नेमण्यासंबंधी एक संपूर्ण प्रकरण आहे. प्रतिनिधीने मालकाच्या सूचनेप्रमाणे वागावे, हिशेब द्यावा, आणि मालकाची संमती घेतल्याशिवाय व सर्व महत्त्वाच्या गोष्टी त्याला सांगितल्याशिवाय त्या व्यवहारात स्वतःचा धंदा करू नये, हे त्याचे सार. कलम २१५ खाली दिलेले पहिलेच उदाहरण असे आहे की एकाने दुसऱ्याला आपली मिळकत विकायला सांगितली आणि त्या दुसऱ्याने तिसऱ्याच्या नावावर ती स्वतःच घेतली. महत्त्वाची गोष्ट अप्रामाणिकपणे लपवली गेली किंवा व्यवहार मालकाला नुकसानीचा ठरला, असे दाखवता आले तर मालक तो व्यवहार नाकारू शकतो. कलम २१६ पुढे जाऊन सांगते की मालकाच्या नकळत प्रतिनिधीने स्वतःसाठी जो लाभ मिळवला, त्यावर मालकाला हक्क सांगता येतो.

मग बाई न्यायालयात का जाऊ शकल्या नाहीत? कारण तो माणूस त्यांचा प्रतिनिधी होता हे दाखवणारा एक चिठोराही त्यांच्याजवळ नव्हता. नेमणुकीचे पत्र नाही, दलाली रोख, पावती नाही. तो म्हणाला, "मी फक्त दोघांची गाठ घालून दिली." आमच्या मते या सगळ्या प्रकरणाचे मर्म येथे आहे. दलाल निवडणे म्हणजे चार जणांतून एक चेहरा पसंत करणे नव्हे. त्याला कागदावर, सहीनिशी, आपला प्रतिनिधी करणे होय. हे केले नाही तर कायद्यातील कलमे असून नसल्यासारखी.

नव्या कायद्यातली फट

२०१६ साली स्थावर संपदा (विनियमन आणि विकास) अधिनियम आला आणि मे २०१७ पासून महाराष्ट्रात 'महारेरा' प्राधिकरण काम करू लागले. या कायद्याने दलालांची नोंदणी सक्तीची केली. नोंदणीशिवाय धंदा करणाऱ्याला दिवसाला दहा हजार रुपये, आणि एकूण मिळकतीच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड ठेवला. २०२३ पासून महाराष्ट्रात दलालांना प्रशिक्षण आणि परीक्षाही आवश्यक ठरली. ही पावले स्वागतार्ह आहेत. पण कलम ९ चे शब्द नीट वाचले पाहिजेत. नोंदणीची सक्ती आहे ती नोंदणीकृत प्रकल्पातील, विकासकाकडून विकल्या जाणाऱ्या घरांच्या व्यवहारापुरती. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या इमारतीतले आपले घर तुम्ही-आम्ही दुसऱ्याला विकतो, तो व्यवहार या कलमाच्या बाहेर राहतो.

म्हणजे चित्र असे झाले आहे : नवे घर घेणाऱ्यापुढे उभा असलेला दलाल परीक्षा दिलेला, नोंदणी क्रमांक असलेला आणि प्राधिकरणाला उत्तरदायी; जुने घर विकणाऱ्या विधवा शिक्षिकेपुढे उभा असलेला दलाल मात्र कोणीही असू शकतो. कालपर्यंत पानाची गादी चालवणाऱ्याने आज पाटी लावली तरी त्याला अडवणारा कोणी नाही. वास्तविक संरक्षणाची अधिक गरज दुसरीला आहे. आपल्याकडे सुधारणा बहुधा पैशाच्या मोठ्या प्रवाहाच्या काठाने होतात. लहान ओहोळ तसेच राहतात, त्याचे हे आणखी एक उदाहरण.

निवड करावी ती कशी?

कायदा सुधारेपर्यंत लोकांना घरे विकावीच लागणार. तेव्हा आपल्या वस्तीतील, आपल्या युनियनमधील कोणी विचारले तर कार्यकर्त्याने काय सांगावे, हे थोडे तपशिलाने मांडणे आवश्यक वाटते.

पहिली गोष्ट, दलाल बोलावण्यापूर्वी भाव स्वतः शोधावा. ही माहिती आज गुप्त राहिलेली नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर जिल्हा, गाव, वर्ष आणि मिळकतीचा क्रमांक देऊन नोंदलेल्या दस्तांची 'सूची क्रमांक दोन' पाहता येते. आपल्याच इमारतीत किंवा शेजारच्या इमारतीत गेल्या वर्ष-दोन वर्षांत कोणते घर किती रकमेला विकले गेले ते तीत दिसते. त्याच विभागाचे वार्षिक मूल्यदर तक्तेही सर्वांना खुले आहेत. सूचीतील आकडा हा नोंदलेला आकडा असतो. त्यात रोखीचा भाग दिसत नाही, हे लक्षात ठेवावे. तरीही अशी चार-पाच घरांची यादी हातात असलेल्या माणसाशी दलाल निराळ्या भाषेत बोलतो.

दुसरी गोष्ट, आपल्या संस्थेचे इतिवृत्त वाचावे. सहकारी संस्था अधिनियमाप्रमाणे सर्वसाधारण सभेची आणि समितीच्या सभांची इतिवृत्ते विनाशुल्क पाहण्याचा सभासदाला हक्क आहे. पुनर्विकासाची चर्चा सुरू झाली आहे का, हे दलालाला ठाऊक असते आणि आजारी सभासदाला नसते. याच अज्ञानातून बाईंचे सर्वांत मोठे नुकसान झाले.

तिसरी गोष्ट, तीन-चार दलालांना बोलवावे आणि प्रत्येकाला तेच प्रश्न विचारावेत. गेल्या वर्षात या परिसरात तुम्ही कोणती घरे विकून दिलीत? त्यांतील दोन विकणाऱ्यांशी मला बोलता येईल का? सांगितलेला भाव कोणत्या व्यवहारांवरून काढलात? घेणाऱ्याकडूनही दलाली घेणार का? चारांत सर्वांत मोठा आकडा कोणी सांगितला यापेक्षा आकड्याचे कारण कोणी सांगितले याला महत्त्व द्यावे. महारेराची नोंदणी आपल्या व्यवहाराला सक्तीची नसली तरी ज्याच्याकडे ती आहे आणि क्रमांक तपासता येतो, त्याला पहिली पसंती द्यावी. त्याने निदान परीक्षा दिलेली आहे आणि त्याला गमावण्यासारखे काही आहे.

चौथी गोष्ट, काम एकाकडे द्यावे, पण मुदतीने आणि लेखी. दहा दलालांना एकदम सांगितले की एकच घर दहा भावांनी बाजारात फिरते आणि घेणारा त्यांतला सर्वांत कमी भाव धरून बसतो. उलट मुदतीशिवाय एकाच्या स्वाधीन झालो तर आपण त्याचे कूळ बनतो. दोन किंवा तीन महिन्यांचे साधे पत्र पुरेसे आहे. त्यात इतके असावे : हा माझा प्रतिनिधी आहे, आलेला प्रत्येक देकार तो मला लेखी कळवील, मोबाइलवरील संदेशही चालेल, घेणाऱ्याकडून काही घेणार असल्यास आधी सांगेल, घेणारा त्याचा नातलग किंवा भागीदार असेल तर तसे उघड करील, दलाली खरेदीखताच्या नोंदणीनंतर, बँकेमार्फत आणि पावतीवर दिली जाईल.

पाचवी गोष्ट दलालीच्या आकाराची. सरसकट टक्केवारीऐवजी टप्प्याची दलाली ठरवता येते. सूचीवरून काढलेल्या पायाभूत किमतीपर्यंत एक टक्का आणि त्यावर मिळेल त्यातील दहावा हिस्सा, असे समजा. पायाभूत किंमत अगदी सावधपणे ६२ लाख धरली आणि घर ६८ लाखांना गेले, तर दलालाला ६२,००० अधिक ६०,००० म्हणजे १,२२,००० रुपये मिळतात. बाईंनी मोजले त्याच्या जवळपास तेवढेच. पण बाईंच्या हाती सहा लाखांहून अधिक रक्कम जास्त आली असती. दलालाला तेवढेच देऊन त्याचे हित आपल्या हिताशी जोडता येते, हा यातला मुद्दा. मात्र पायाभूत किंमत दलालाने ठरवलेली नसावी. नाहीतर ती जाणूनबुजून खाली धरली जाईल.

शेवटी काही निषेध. घर विकण्यासाठी दलालाच्या नावे कुलमुखत्यारपत्र कधीही करून देऊ नये. सह्या केलेले कोरे कागद, मूळ खरेदीखत आणि शेअर सर्टिफिकेट त्याच्या ताब्यात देऊ नये. पाहण्यासाठी प्रती पुरतात. इसाराची रक्कम दलालाच्या नव्हे, आपल्या खात्यात घ्यावी. "संस्थेला लाखभर द्यावे लागतील" असे कोणी म्हणाले तर हस्तांतर अधिमूल्याची कमाल मर्यादा महानगरपालिका क्षेत्रातही २५,००० रुपये आहे, हे ठाऊक असावे. आणि "थोडी रक्कम रोखीत घ्या, दोघांचा फायदा" हा सल्ला तर ठामपणे नाकारावा. जून २०१५ पासून स्थावर मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार किंवा अधिक रक्कम रोख घेण्यास मनाई आहे आणि दंड होतो तो घेणाऱ्याला, म्हणजे घर विकणाऱ्याला. तोही घेतलेल्या रकमेइतका. काळ्या पैशाविरुद्ध व्यासपीठावर बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना यात नैतिक प्रश्नही आहे, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

दलालही श्रमिक आहे

या प्रश्नाची दुसरी बाजू न मांडणे अन्यायाचे होईल. वस्तीपातळीवरचा दलाल हा काही भांडवलदार नव्हे. नोकरी न मिळालेले तरुण, बंद पडलेल्या कारखान्यांतील कामगारांची मुले या धंद्यात आहेत. त्यांना पगार नाही, रजा नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. महिनोन्महिने घरे दाखवावीत आणि शेवटी घेणाऱ्या-विकणाऱ्यांनी परस्पर भेटून त्यांची दलाली बुडवावी, हेही सर्रास घडते. सुशिक्षित घरमालक यात मागे नसतात. ज्याला आपल्या कष्टाचा मोबदला मिळेल याची शाश्वती नाही, तो मिळेल तेथून आणि मिळेल तेव्हा पैसा काढू पाहणार. म्हणून लेखी करार हा दलालाविरुद्धचा दस्तऐवज आहे असे मानू नये. तो त्याच्याही श्रमाचे संरक्षण आहे, आणि प्रामाणिक दलालाला अप्रामाणिकापासून वेगळे दाखवणारी ती एकच खूण आहे. कागदावर सही करायला जो नकार देतो, त्याने आपले उत्तर दिलेले असते.

एक आक्षेप

काही साथी म्हणतील की घर ही विक्रीची वस्तूच असू नये, ही आपली भूमिका; मग घरमालकाला जास्त भाव कसा मिळावा याची उठाठेव समाजवादी पत्राने का करावी? आक्षेप गंभीर आहे. जमिनीच्या सट्ट्याला आवर घालण्यासाठी आलेला नागरी जमीन कमाल धारणा कायदा १९७६ चा. तो महाराष्ट्राने २००७ साली गुंडाळला, आणि त्याविरुद्ध आपण लढलो ते योग्यच होते. भाडेकरूंचे, झोपडीवासीयांचे, घर नसलेल्यांचे प्रश्न आपल्या अग्रक्रमावर राहिलेच पाहिजेत. मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेच्या द्वारे गोरेगावात सामान्य माणसांसाठी हजारो घरे उभी करून दाखवली, तो वारसा आपला आहे.

परंतु उद्याच्या समाजाची वाट पाहताना आजच्या माणसाला बाजारात एकटे सोडणे हा समाजवाद नव्हे. शेतीमालाचा बाजार आपल्याला आदर्श वाटत नव्हता, तरी आपण उघड लिलावाचा आग्रह धरला. कारखानदारी खासगी होती, तरी आपण कामगारांच्या किमान वेतनासाठी लढलो. सट्टेबाज दहा घरे विकतो, त्याला कोणाच्या सल्ल्याची गरज नसते. आम्ही बोलतो आहोत ते एकच घर असलेल्या आणि तेही विकावे लागणाऱ्या माणसाबद्दल. त्याच्या घराच्या किमतीतून कापले गेलेले पाच-सहा लाख रुपये बेघरांकडे जात नाहीत. ते सट्ट्याच्याच भांडवलात भर घालतात.

काय केले पाहिजे?

अमेरिकेतील एक घटना येथे बोधप्रद आहे. तेथे घर विकणाऱ्यालाच दोन्ही बाजूंच्या दलालांची दलाली भरावी लागे. मिसुरी राज्यातील सामान्य घरविक्रेत्यांनी या रीतीविरुद्ध एकत्रितपणे दावा लावला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ज्यूरीने सुमारे १८० कोटी डॉलरची भरपाई त्यांच्या बाजूने ठरवली. पुढे मार्च २०२४ मध्ये दलालांच्या राष्ट्रीय संघटनेने ४१ कोटी ८० लाख डॉलरची तडजोड मान्य केली आणि ऑगस्ट २०२४ पासून धंद्याचे नियम बदलले. भांडवलशाहीच्या माहेरघरातही एकेकट्या विक्रेत्याला जे जमले नाही ते संघटित झाल्यावर साधले. आपल्याकडे गृहनिर्माण संस्थांचे एवढे मोठे जाळे असून या प्रश्नावर आपण असंघटित आहोत.

आमच्या मते पुढील मागण्या लावून धरल्या पाहिजेत. केंद्राने २०१६ च्या अधिनियमात दुरुस्ती करून जुन्या घरांचे व्यवहार करणाऱ्या दलालांनाही नोंदणी व परीक्षा सक्तीची करावी. विक्रेता आणि दलाल यांच्यातील कराराचा एक छोटा, सोप्या मराठीतील नमुना शासनाने प्रसिद्ध करावा. दोन्हीकडून दलाली घेणाऱ्याने ती दोघांनाही लेखी कळवण्याचे बंधन असावे. सूची क्रमांक दोन ही मिळकतीचा क्रमांक ठाऊक नसलेल्या सामान्य माणसालाही, इमारतीच्या नावावरून सहज शोधता यावी.

पण शासनावर सर्व सोपवून आपण मोकळे होऊ नये. जिल्ह्याजिल्ह्यांतील गृहनिर्माण महासंघांनी वृद्ध आणि एकट्या सभासदांसाठी घरविक्रीचा सल्ला-कक्ष चालवावा. आपल्या कार्यालयांतूनही हे होऊ शकते. आठवड्यातून एक संध्याकाळ, एक संगणक, नोंदणी कार्यालयाची माहिती असलेला एक निवृत्त कारकून आणि एक तरुण वकील इतके मनुष्यबळ पुरेसे आहे. रेशनकार्डासाठी, वीजबिलासाठी लोक आपल्याकडे येतात तसे घर विकण्यापूर्वी एकदा येतील, तर एका सूचीच्या कागदाने आणि एका सहीच्या पत्राने कितीतरी कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी वाचेल.

त्या शिक्षिकाबाईंना आम्ही फारसे काही परत मिळवून देऊ शकलो नाही. पावतीविना दिलेल्या दलालीचा आणि कागदाविना केलेल्या नेमणुकीचा पुरावा उभा राहत नाही. पण त्यांच्याच इमारतीत आणखी दोन वृद्ध जोडपी घर विकण्याच्या विचारात आहेत. बाईंनी त्यांना सूची काढून दिली, करारपत्राचा मसुदा लिहून दिला आणि "दलालाला बोलवाल त्या दिवशी मीही येऊन बसते" असे सांगितले. चळवळ याहून फार निराळी नसते. रुमाल उचलायला कोणीतरी प्रथम हात पुढे करावा लागतो. बाईंनी तो केला आहे. आता आपण करायचा आहे.